स्थळ क्रमांक एस-चार

टोपच्या पुढं, क्रशरवर
मालक मशीन लावू देत नव्हता.
"पोल्यूशनवाले काय तुम्ही?"
सर म्हणाले, "नाही हो, विद्यापीठातनं आलोय,
पोरीचं एम.एस्सी.चं डिझर्टेशन आहे."
तरी नाहीच.
शेवटी आप्पा पुढं आले, हात न पुसताच.
"माझी पोरगी हाय, मालक.
बसू दे की एका कोपऱ्यात."
बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी,
उचल सोडून.

बसले मग.
शेडच्या पत्र्यावर सॅम्पलर, खाली बॅटरी,
वहीत दर तासाला हवेचा प्रवाह, वाऱ्याची दिशा,
डंपर किती आले,
पाण्याचा फवारा चालू की बंद.
आठ वेळा 'बंद' लिहिलं.
नवव्यांदा मालकाच्या पोरानं पाइप आणून
माझ्यासमोर पाच मिनिटं धरला.
तेही लिहिलं.

फिल्टर पेपर आधी कोरा तोलायचा असतो.
चोवीस तास डेसिकेटरमध्ये,
हवेतला ओलावा धुळीच्या नावावर जमा होऊ नये म्हणून.
चिमट्यानं उचलायचा.
बोटाच्या घामालाही वजन असतं,
हे पहिल्या सेमिस्टरला शिकवलं तेव्हा
आमच्या घरातलं सगळंच मला
चुकीचं तोललेलं वाटायला लागलं.

हा दगड म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.
एवढा काळ मुकाट पडून होता, थरावर थर.
आप्पांच्या हयातीत त्याला पंख फुटले.

संध्याकाळी पेपर काढला.
कडेला रिंगेखालचा पांढरा काठ शाबूत,
मधे करड्या रंगाचा गोल, मऊ, जवळजवळ देखणा.
आप्पा वाकून बघत राहिले.
"एवढंच व्हय?"
"आठ तासांचं आहे आप्पा."
"आनि हे मशीन किती वडतंय?"
"मिनिटाला सोळा-सतरा लिटर हवा."
"मानूस?"
पुस्तकात आहे ते. अंगमेहनतीच्या कामात वीस, पंचवीस, जास्तही.
मी बॅटरीच्या वायरी गुंडाळत राहिले.

प्रयोगशाळेत तराजूची काचेची दारं लावून
श्वास रोखून धरायचा,
नाहीतर शेवटचा आकडा थरथरतो.
बाहेर सागरमाळावर मोर ओरडत होते.
विद्यापीठ म्हणजे एस-एक: स्वच्छ, तुलनेसाठी.
एस-दोन शिरोली नाका, एस-तीन गुऱ्हाळ.
खाणीचं नाव कुठंही येणार नाही,
असं मालकाला लिहून दिलंय, सहीनिशी.
म्हणून आप्पा एस-चार.

तोंडी परीक्षेला सांगलीहून बाई आल्या होत्या.
"एक्स्पोजर किती तासांचं धरलंत?"
"आठ."
"छान," म्हणाल्या, पान उलटलं.
नमुन्यांची संख्या थोडी कमी वाटली त्यांना.

पण मला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट.
एम-एटीवर मागं मी, मांडीवर सॅम्पलर,
बाळंतिणीनं मूल धरावं तसा.
आप्पांच्या शर्टाला पाठीवर फक्त घामाच्या जागी रंग होता.
नागावजवळ खोकले, गाडी बाजूला घेतली, पुन्हा निघाले.
मग मान न वळवता,
"त्या मशीनचा कागद रोज बदलतीस?"
"हो. दर वेळी नवा."
"बरं हाय मग त्येचं."

शिरोलीच्या पुलावर पंचगंगेवरनं वारा आला.
आप्पांनी एका हातानं तोंडावरचा टॉवेल सोडला,
मला मागं दिला, धर म्हणाले.
मी धरला.
वहीत त्या वाऱ्याची दिशा
लिहायची राहून गेली.